उशाशी पेल्यांची उतरंड

२१ ऑक्टोबर २०१७, भाऊबीज. लातूर

दिवाळी असून खोलीतच. क्लासवाल्यांनी पोरांना सुट्टी दिली म्हणायला दिली, अभ्यास तसाच चालू, म्हणून गावाकडं गेलेच न्हाई. मालक फोनवर म्हणले, "सोयाबीनचं मी बघतो, तू पोरीचं बघ." पोरीचं बघायचं म्हणजे काय, तर भाकरी थापायची अन् ती पुस्तकावर डुलक्या घ्यायला लागली की तोंडावर पाणी मारायचं. मोठं डॉक्टरकीचं काम करून राहिलेय मी!

आज सौदामिनीचे मालक आले नांदेडहून, अनंतराव. सौदामिनी म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. गेल्या साली क्लासच्या आसपास खोल्या मिळंनात तेव्हा या एका खोलीसाठी आम्ही दोघी घरमालकासमोर भांडलो, अन् मग दोघींनी मिळून घेतली. तिची उर्वी अन् माझी तनुजा एकाच वर्गात. घरातलं माझ्याकडं, बाहेरचं तिच्याकडं, असं वाटून घेतलंय. ती सरांशी इंग्रजीत बोलती, झेरॉक्स आणती, मार्क बघून दोन्ही पोरींना दम देती. मी चूल सांभाळते. चार माणसं, एक तवा. सख्ख्या जावा काय राहतील अशा!

तर अनंतराव आले. माझा भाऊ भूकंपात गेला. म्हणलं भाऊबीजेला दारात आलेला माणूस, त्याला ओवाळल्याशिवाय कसं सोडावं? पाट मांडला, कुंकू लावलं. माणूस लई गोंधळला. एकदा बायकोकडं बघ, एकदा ताटाकडं बघ. मग ताटात नोट टाकली, अन् एक साडी दिली, "ही दिवाळीची" म्हणून. वर विचारलं, "सुट्टी घेता की नाही मावशी दिवाळीत?" म्हणलं, आईला कसली सुट्टी हो दादा! सौदामिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. उर्वी मला मावशी म्हणती, तेच त्यांच्याही तोंडी बसलंय.

साडी बरी हाय. काठ जरा भडक.

९ जानेवारी

काल एक गोष्ट बोलून गेले. आज हलकं वाटतंय, म्हणून लिहिते.

झोपायच्या आधी मी उशाशी उतरंड रचते. खाली तांब्या, त्यावर पेला, त्यावर लहान पेला, वर वाटी, वाटीवर चमचा आडवा. जमीन हलली तर चमचा आधी पडतो. आमच्या गावातल्या लई जणींची ही खोड हाय, कुणी बोलून दाखवत न्हाई. सौदामिनी आधी हसायची. काल तिनं नीट विचारलं, अन् मी सांगितलं.

भूकंपाच्या पहाटे फळीवरची भांडी आधी वाजली होती. आई उठून बसली, म्हणली, "मांजर आलं, मांजर आलं, हाकल गं." मी डोळे चोळत मांजर हाकलायला दारापर्यंत गेले. मी दारात, अन् मागं घर बसलं. दगडमातीचं माळवद. आई, भाऊ, सगळं त्याच्याखाली. लोक विचारायचे, शेवटी आई काय बोलली गं? मांजर आलं म्हणून सांगायचं का लोकांना? म्हणून कुणालाच सांगितलं न्हाई. मालकाला न्हाई, तनुजाला न्हाई. पुढं आम्ही राहायचो त्या पत्र्याच्या शेडात एक बाई यायच्या, आम्हा पोरींना वह्या देऊन म्हणायच्या, मनातलं लिहा. तेव्हापासून लिहायची सवय लागली, पण हे त्या वहीतही लिहिलं नव्हतं.

सौदामिनीनं माझा हात धरला. मग उठली अन् स्वतःच्या उशाशी पेले रचले, माझ्यासारखेच. चमचा तिला आडवा ठेवता येईना, मी ठेवून दिला. आता खोलीत दोन उतरंडी.

देवानं आई नेली, पण पंचवीस वर्षांनी का होईना बहीण दिली, असं वाटलं.

५ जून

रिझल्ट लागला. तनुजाला मार्क चांगले पडले. एमबीबीएसला पुरणार न्हाईत पण आयुर्वेदाला नक्की लागंल म्हणतात. उर्वीला लई कमी पडले. सौदामिनी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडली. चहा केला, घेतला न्हाई. मला माझ्याच पोरीचा आनंद करायची चोरी झाली. पेढे आणून डब्यात लपवून ठेवले.

संध्याकाळी उठली, तोंड धुतलं, मला मिठी मारली. म्हणली, "तनुजाला नांदेड मिळालं तर माझ्या घरची वरची खोली तिची. माझीच लेक आहे ती. हॉस्टेलला टाकलीस तर तुझी-माझी बोली बंद!" मी रडले. तीही रडली. तनुजा म्हणली, "तुम्ही दोघी नापास झाल्यासारख्या का रडलालाव?"

खोली सोडताना भांड्यांवरून भांडण. तवा तू घे, न्हाई तूच घे. शेवटी तवा तिला दिला. पेले निम्मे निम्मे घेतले.

२७ ऑगस्ट. गाव

नांदेड मिळालं! आयुर्वेदाच्या कॉलेजात. मालकांनी सगळ्या गल्लीला साखर वाटली.

मालक म्हणत होते हॉस्टेलचा अर्ज टाकून ठेव, नंतर जागा राहात न्हाई. मी टाकू दिला न्हाई. उद्या सौदामिनीच्या कानावर गेलं तर तिला काय वाटंल? तिनं तोंडानं शब्द दिलेला. आता अर्जाची तारीख गेली, तर मालक सारखे तेच काढून राहिलेत. म्हणलं, तुम्ही गप बसा, तुम्हाला बायांची दोस्ती कळत न्हाई.

फोन मात्र ती उचलत न्हाई. मेसेज वाचती, निळ्या खुणा दिसतात. उर्वीला कर्नाटकात पैसे भरून घेतलंय म्हणं, त्या धावपळीत असंल. आज एकदाचा मेसेज आला, "गुरुवारी ये. खोली बघून जा." बघितलंत का, म्हणलं मालकांना.

शेंगाची चटणी कुटली. धपाट्याचं पीठ काढून ठेवलं. उर्वी माझ्या धपाट्यांवर जीव टाकती.

३० ऑगस्ट. नांदेड, नदीच्या घाटावर

आयुष्यात पहिल्यांदा एका शहरात एकटी अन् हाताला काम न्हाई! लग्नाला, दवाखान्याला, कोर्टाला, असंच आजवर गावं बघितली. आज नुसतं हिंडले. घाटाच्या पायरीवर बसून लिहिते, शेजारी एक म्हातारा पाण्यात पाय सोडून बसलाय, तो बघतोय की ही बाई काय हिशोब लिहिती.

सकाळी स्टँडवर उतरून सौदामिनीला फोन लावला. म्हणली, "अहो मावशी, आज घरी सत्यनारायण आहे, फार गडबड आहे. तुम्ही असं करा, गाव बघून घ्या, गुरुद्वारा बघा, पाचच्या पुढं या." मावशी म्हणली, अन् अहो-जाहो! जवळ कुणी वडीलधारं असंल. मला हसूच आलं. सत्यनारायणाला बोलावलं न्हाई म्हणून जरा टोचलं, खोटं कशाला लिहू. पण श्रावणातली पूजा, ऐनवेळी ठरली असंल.

बाहेर आले तर ऑटोवाला मागं लागला, "कहाँ जाना अम्मा?" म्हणलं, "कहीं नहीं जाना." तो बघतच राहिला. मलापण माझ्या बोलण्याची मजा वाटली. एवढी मोठी झाले, कहीं नहीं जाना असं कधी कुणाला म्हणले होते मी?

नव्या गावात गेलं की मी आधी घरं बघते, कोणतं उभं राहील अन् कोणतं बसंल. इथं स्लॅबवर स्लॅब चढवलेत. दुकानांवर क्लासचे बोर्ड, तीच हसरी पोरं, तेच हाताची घडी घातलेले सर. एका बोर्डावर लिहिलंय, "आता लातूरला जायची गरज नाही". मला लातूरच्या वतीनं राग आला. अरे बाबांनो, आम्ही तिथं भाकरी थापून पोरं घडवली, तुमचे अजून रंग वाळले न्हाईत!

गुरुद्वाऱ्यात गेले. डोक्यावर पदर तर आपला असतोच. फरशी पायाला गार लागली. लंगरला पंगतीत बसून जेवले, शेजारी कोण, कुठली, कुणी विचारलं न्हाई. जेवून उठले तर आत बाया पोळ्या लाटत होत्या. माझे हात कुठं गप बसतात? मीपण बसले. एक सरदारीण म्हणली, "ताई, तुम्हारा हाथ बहुत साफ है." कोण मागतंय न्हाई, कोण सांगतंय न्हाई, नुसतं लाटत बसले. मन लई निवलं.

मग तनुजाचं कॉलेज बघायला गेले. गेटातनंच बघितलं, आत जायची भीती वाटली. मागच्या गल्लीत एक म्हातारी दारात मेथी निवडत बसलेली, दारावर पाटी, "मुलींसाठी खोली". म्हणली, "खोली बघता का बाई?" आवाज गोड. साखराबाई नाव, बिलोलीकडची. मी ऐटीत म्हणलं, "आम्हाला न्हाई लागत. आमच्या मैत्रिणीचंच घर हाय इथं. वरची खोली." ती म्हणली, "नशीबवान हो तुम्ही. आजकाल कोण देतंय." पाणी दिलं. पत्र्याची खोली हाय तिची, हलकी. मला पत्रा आवडतो. पण उगाच कशाला बघत बसायचं.

बाजारातून सौदामिनीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. धपाट्याची पिशवी दिवसभर खांद्याला, सगळ्या नांदेडभर लसणाचा वास करत आले.

नदी लई मोठी हाय. आमच्याकडं एवढं पाणी नुसतं चित्रात. तनुजाला इथं आणून बसवीन. सौदामिनीला पण. तिघी बसू. आता उठते, पाच वाजत आले.

३१ ऑगस्ट. साखराबाईच्या खोलीत, सकाळी

न्हाई लिहिलं तर छाती फुटंल, म्हणून लिहिते.

काल तिच्या घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग. सौदामिनीच्या सासूबाई समोर आल्या, गोऱ्या, हसऱ्या. म्हणल्या, "या या, तुम्हीच ना लातूरच्या? मागनं या, स्वयंपाकघर तिकडं आहे." मला वाटलं बायका मागं बसल्या असतील. गेले. एका स्टुलावर मला ताटली दिली, शिरा अन् पोळी-भाजी. बाहेर पंगत चालू होती. कामाची बाई भांडी घासत होती, ती म्हणली, "बसा, सरका जरा इकडं."

सासूबाई प्रेमानं समोर बसल्या. वाईट न्हाई बाई ती, तिचा काही दोष न्हाई. म्हणल्या, "दोन वर्षं आमच्या उर्वीला करून घातलंत हो. सौदामिनी म्हणायची, स्वयंपाकाला बाई मिळाली ती लाखात एक. पगार वेळेवर देत होती ना?"

मला आधी कळलंच न्हाई. म्हणलं, कुणाची गोष्ट करून राहिल्यात या? मग भाऊबीजेचं ताट आठवलं. ती साडी आठवली. सुट्टी घेता का म्हणून विचारलेलं आठवलं. मी त्या माणसाला भाऊ म्हणून ओवाळलं अन् त्यानं मला दिवाळीची पोस्त दिली! अन् ही माझ्याच खोलीत बसून, ठसका लागेस्तोवर हसली.

एवढंच असतं तर मी गिळलं असतं. देवाशप्पथ गिळलं असतं. भाकरी थापण्यात काय लाज? काल सकाळी लंगरला फुकट लाटून आले.

तेवढ्यात तिची नणंद आत आली, मनस्विनी. कौतुकानं म्हणली, "अय्या, भांड्यांच्या उतरंडीवाल्या मावशी ह्याच का? वहिनी तुमची काय नक्कल करतात!" अन् तिनं डोळे मोठे केले, हात हलवले, "मांजर आलं, मांजर आलं, हाकल गं!" सासूबाई हसल्या. दारातली पोरं हसली. भांडी घासणारी बाईसुद्धा हसली. सगळ्या घराला पाठ होतं ते.

माझ्या आईचं शेवटचं बोलणं.

सौदामिनी दारात उभी होती. ती पण हसत होती. माझ्याकडं बघितलं अन् मग हसू थांबवलं.

मला जिन्यापाशी नेलं, हळू बोलली. "शिवकन्या, समजून घे गं. अनोळखी बाईबरोबर खोलीत राहते म्हटलं असतं तर आईंनी राहू दिलं नसतं. म्हणून तसं सांगितलं. त्यात काय एवढं? तुझ्या माझ्यात काही बदललं का?" अन् वर ती म्हणली, "तनुजाचंही मी बघितलंय. आई तयार आहेत. सकाळ-संध्याकाळ पोळ्यांचं तेवढं तिनं केलं ना, तर कुणी काही विचारणार नाही. तिलाही वळण लागेल. उर्वी गेल्यावर घरात कुणीतरी हवंच."

माझी पोरगी. तिच्या उर्वीहून जास्त मार्क घेतलेली माझी पोरगी.

मी म्हणलं, "ते सोड. मांजराचं का सांगितलंस?"

ती म्हणली, "अगं, बोलण्याच्या ओघात निघालं. गंमत म्हणून."

गंमत! भडव्यांनो, तुमच्या गमतीला आग लागो. लिहिताना शिवी आली, खोडणार न्हाई. तिथं तोंडावर दिली न्हाई, हाच मोठा राग हाय.

निघताना माझ्या पुढं एक बाई होती, तिची सासूबाईंनी ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. मी मागं पदर पुढं करून उभी होते. मला उरलेल्या शिऱ्याची पिशवी दिली. मी ती तिथंच कट्ट्यावर ठेवली, अन् माझी धपाट्याची पिशवी फ्रीजजवळ होती ती उचलली. दिलेलं परत घेऊ नये म्हणतात. घेतलं. चटणी पण घेतली. बांगड्या द्यायच्या राहूनच गेल्या होत्या, बरं झालं.

दिवेलागणीला या गल्लीत परत आले. साखराबाई दारातच होती. म्हणली, "मैत्रिणीचं घर लहान पडलं का बाई?" मी मान हलवली. तिनं पुढं काही विचारलं न्हाई, कुलूप काढलं. दोघींनी मिळून धपाटे खाल्ले. ती म्हणली चटणीला लसूण जरा जास्त झाला. म्हणलं, हाव, झाला.

खोली तनुजासाठी धरली. घरी सांगीन, सौदामिनीची वरची खोली गळती म्हणून. खरं सांगितलं तर मांजराचं सांगावं लागंल. मालक म्हणतील, तरी मी सांगत होतो. म्हणू देत.

१७ ऑक्टोबर, अष्टमी. नांदेड

तनुजाकडं आलेय, फराळाचं घेऊन. पोरगी रमलीय. हाडांची नावं संस्कृतात म्हणून दाखवती. तिच्या उशाशी मी पेले रचते तेव्हा चिडती, मी गेले की काढून ठेवती बहुतेक.

आज सकाळी दूध तापवत होते तर उशाशी रात्रीची उतरंड तशीच होती, तिचा चमचा पडला. मग वाटी, मग पेला. जमीन खालून गुरगुरली. तनुजाचा दंड धरला अन् गल्लीत! साखराबाई आधीच बाहेर, देवाचं नाव घेत. क्षणभरच झालं. भिंतीचा एक टवका पडला, एवढंच. पण मी धरलेला दंड सोडेना. तनुजा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, "आई, झालं. आई, गेलं ते."

आत येऊन बसले तर फोन वाजला. नाव अजून "सौदामिनी मैत्रीण" असंच हाय, पुसायला हात झाला न्हाई. उचलावं की न्हाई, उचलला.

ती हुंदके देत होती. "शिवकन्या, पेले पडले गं. आधी चमचा पडला. सगळ्यांच्या आधी मला कळलं. मला तूच आठवलीस."

म्हणजे ती अजून रचती. तिच्या त्या घरात, नक्कल करून झाल्यावर, झोपताना रोज रचती. मी विरघळले. काय करू, मी अशीच हाय. म्हणलं, "रडू नको. आधी सगळ्यांना बाहेर काढ. सासूबाईंना धर, त्यांना जिना उतरवत न्हाई. गॅस बंद कर. भिंतीपासून लांब उभी राहा." ती हो, हो म्हणत होती, लेकरागत. "तू कुठं आहेस? बरी आहेस ना?" मी सांगणारच होते, अगं मी नांदेडातच हाय, ऑटो करून येते. तोंडात शब्द आला होता.

तेवढ्यात मागनं सासूबाईंचा आवाज आला, "कुणाशी बोलतेस गं?"

अन् ही म्हणली, रडणं आवरून, एकदम साध्या आवाजात, "काही नाही आई, आपल्या लातूरच्या स्वयंपाकाच्या बाई. भूकंपाला फार घाबरतात, म्हणून चौकशी केली."

मी फोन ठेवला. दूध उतू जाऊन सगळ्या शेगडीवर पसरलं होतं. फडकं घेऊन पुसायला लागले.

तनुजा पेले गोळा करत म्हणली, "कुणाचा फोन होता गं?"

म्हणलं, "नांदेडच्या एक बाई हायत. त्यांच्याकडं मी स्वयंपाकाला होते."

तनुजा खळखळून हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करलालेय.